चराईच्या दाव्यात डुक्कर लिहायचं का?



सामूहिक हक्काचा दावा भरायला गाव बसलं की चराईच्या रकान्यापाशी पेन अडतो. गाय, बैल, म्हैस, बकरी पटापट लिहून होतात. मग मागच्या रांगेतून एखादी आजी विचारते, "अन् डुकरं?" सभेत हसू फुटतं. शिकलेली पोरं खाली पाहतात. कोणी म्हणतं, "काहून लिवता बा, साहेब लोक हासतील." अशानं बऱ्याच गावांच्या दाव्यांतून डुक्कर गळालं आहे. ज्यांचे दावे अजून घरात पडून आहेत त्यांच्यासाठी हे लिहितो आहोत. आमचं मत आधीच सांगतो: लिहायचं, ढोरांच्या खालोखाल लिहायचं, आणि आकड्यासकट लिहायचं.

आधी कायद्याचंच बघू. ज्या कायद्यानं आपल्या बापजाद्यांना कोंडवाडा दाखवला, तो 1927 चा भारतीय वन अधिनियम. त्याच्या कलम 2 मध्ये 'गुरे' म्हणजे काय याची यादी आहे. त्या यादीत हत्ती आहे, उंट आहे, म्हैस, घोडा, खेचर, गाढव, मेंढी, बकरी आहे, आणि डुक्करही आहे. राखीव जंगलात गुरं चारणं कलम 26 नं गुन्हा ठरवलं, तेव्हा डुक्कर चारणंही गुन्हा झालं. कलम 71 मध्ये दर डोई जास्तीत जास्त किती दंड घ्यायचा तेही मूळ कायद्यात छापलं आहे: हत्तीला 10 रुपये, म्हैस आणि उंटाला 2 रुपये, गाय-बैल-घोड्याला 1 रुपया, आणि वासरू, गाढव, डुक्कर, मेंढी, बकरी यांना आठ आणे. म्हणजे गोऱ्या साहेबानं आपलं डुक्कर मोजलं होतं, त्याचा भावही ठरवला होता. दंड घ्यायचा तेव्हा डुक्कर गुरांत धरायचं आणि हक्क द्यायचा तेव्हा डुक्कर गुरांत नाही, असं चालणार नाही.

आता 2006 चा वनहक्क कायदा. त्याच्या कलम 3(1)(घ) मध्ये चराईचा हक्क सांगितला आहे. एका गावात राहून चारणारे असोत की हिंडून चारणारे, दोघांनाही. तिथं कोणतं जनावर ते लिहिलेलं नाही. निस्ताराचा हक्क 3(1)(ख) मध्ये आहे. शिवाय शिकार सोडून इतर जे काही रूढीनं चालत आलं, त्यासाठीही कलम 3 मध्ये शेवटी जागा ठेवली आहे. 'शिकार सोडून' हे शब्द ध्यानात ठेवा. घरचं डुक्कर पाळणं ही शिकार नव्हे. दावा लिहिताना रानडुकराचा उल्लेख चराईच्या रकान्यात चुकूनही येऊ देऊ नका. 'घरी पाळलेली डुकरं' असंच लिहा, म्हणजे वरच्या समितीत कोणाला फाटा फोडायला जागा राहणार नाही.

काही मित्र म्हणतात, जंगलात डुक्कर चारणं म्हणजे मागासलेपण आहे, कायद्यात असं कुठं असतं का? असतं. ज्या इंग्लंडातून हा वनकायदा आला त्याच इंग्लंडात 1217 साली राजाला जंगलाची सनद काढावी लागली, आणि त्या सनदेत लोकांनी आपली डुकरं रानात चारायचा हक्क मान्य केलेला आहे. त्या देशाच्या दक्षिणेला न्यू फॉरेस्ट नावाचं जंगल आहे. तिथले हक्कदार गावकरी आजही पावसाळी थंडी सुरू झाली की डुकरं रानात सोडतात. ओकच्या झाडाची फळं तेव्हा खाली पडतात. हिरवी फळं गुरांना आणि घोड्यांना विषारी ठरतात, पण डुकरांना मानवतात. डुकरं आधी ती वेचून खातात, मग त्याच जागी गुरं बिनधोक चरतात. माती फार उकरू नये म्हणून डुकराच्या नाकात कडी घालायचा नियम तिथं आहे. म्हणजे आपल्या घरी गावाचा हक्क आठशे वर्षं सांभाळायचा आणि आमच्याकडे येऊन त्याच हक्काचा कोंडवाडा करायचा, असा तो हिशेब होता. आपल्या पोरांनी मान खाली घालायचं कारण नाही.

पण कायद्यापेक्षा मोठी गोष्ट आपल्या रोजच्या जगण्याची आहे. ती कागदावर नीट उतरत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या भागात एका घरची शेती म्हणजे धानाच्या चार बांध्या. त्यात एक बैलजोडी लागते, एखादी गाय लागते. या ढोरांचं वर्षभराचं खाणं बांधीत पिकत नाही. तणस असते, ती उन्हाळ्यापर्यंत कशीबशी पुरते. बाकी सगळं रानावर. पाऊस लागला, रोवणी झाली की गायकी सकाळी आखरावर गोहन जमवतो आणि रानात नेतो. त्या चार महिन्यांत धानात एक तोंड गेलं तरी भांडण, म्हणून गायक्याला दर डोई पायलीच्या हिशेबानं वर्षाचं धान ठरलेलं असतं. कापणी झाली की ढोरं मोकळी. फेब्रुवारीपासून गवत वाळतं, तेव्हा ढोरं नाल्याच्या काठानं, डोंगराच्या सावलीनं, झाडपाल्यावर जगतात. मे महिन्यात मळणीपासूनची तणस संपलेली असते, आणि ज्या गावाला रान नाही त्या गावचा बैल जूनमध्ये नांगराला उभा राहत नाही. शेणखत तेवढंच. युरियाची गोणी घ्यायला पैसे नसतात, तिथं बांधीतली माती जिवंत ठेवायचं काम रानातून चरून आलेलं ढोर करतं. रानातलं गवत शेण होऊन बांधीत येतं असं म्हटलं तरी चालेल.

डुकराची गोष्ट वेगळी आहे. ते काळं, बुटकं, गावठी डुक्कर. कोंडा, मोहाचा उरलेला चोथा, शिळं, आणि दिवसभर रानात उकरून मिळेल ते. मादी सुमारे 114 दिवसांत विते, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. त्याला विकतचं काही घालावं लागत नाही. लग्न, मरण, पंडुम, कुठलाही कार्यक्रम डुकराशिवाय होत नाही हे माडिया गावांत सांगायला नको. आणि एक गोष्ट पुरुष मंडळी सभेत बोलत नाहीत: बैल विकला तर पैसा बापाच्या खिशात जातो, डुक्कर विकलं तर बहुतेक घरांत पैसा बाईच्या पदरात राहतो. पोराची वही, दवाखान्याचा खर्च, सावकाराचं व्याज, हे त्यातून निघतं. दाव्यातून डुक्कर गळतं तेव्हा बाईच्या पदरातला हक्क गळतो. हसणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

आता वनखात्याचं म्हणणं घेऊ. ते म्हणतात, चराईनं जंगल संपलं, म्हणून कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी. यात थोडं खरं आहे, ते आपण नाकारू नये. गावाभोवतीच्या रानात कोसभर तरोटा आणि रायमुनियाच दिसत असेल, तर तिथलं गवत संपलं आहे. तरोट्याची भाजी आपण कोवळी असताना खातो, पण ढोर त्याला तोंड लावत नाही. म्हणून जिथं तरोटा वाढला तिथं ढोरं जास्त झाली, असं ओळखायचं. काही घरांत कामाला एक जोडी लागते आणि दावणीला पंधरा ढोरं असतात. त्यातली निम्मी ना दूध देत, ना ओढत. ही ढोरंही त्याच रानात चरतात जिथं विधवा बाईच्या दोन बकऱ्या चरतात. याबद्दल गावानंच बोलायला पायजे. खातं येऊन बोलतं, कारण आपण बोलत नाही.

पण दुसरी बाजूही आहे. मिश्र जंगल तोडून साग लावला तेव्हा कोणत्या ढोरानं ते जंगल संपवलं? मोह, तेंदू, चार, ऐन, धावडा, आवळा असलेलं रान सपाट झालं आणि एका ओळीत साग उभा राहिला. सागाच्या पाल्याला ढोर तोंड लावत नाही आणि त्याच्या सावलीत खायला फारसं काही उगवत नाही. वर तिथं रोपवन म्हणून चराईबंदीची पाटी. मग ढोरं उरलेल्या रानात दाटीनं चरणार, आणि तिथलं गवत संपलं की पुन्हा बोट आपल्याकडे. बंदीची पाटी लागली की एक प्रश्न विचारायचा: कोणत्या अधिसूचनेनं बंद केलं? संरक्षित वनाचा भाग बंद करायचा तर 1927 च्या कायद्याचं कलम 30 सांगतं की तशी अधिसूचना काढावी लागते, मुदत 30 वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि उरलेलं जंगल लोकांचे हक्क चालवायला पुरेसं आणि सोयीच्या ठिकाणी असलं पायजे. गार्डनं तोंडानं सांगितली ती बंदी नव्हे. आणि आता तर 2006 च्या कायद्याचं कलम 4 म्हणतं की इतर कायद्यात काहीही असलं तरी हे हक्क मान्य केले जातात.

झुडपी जंगलाचं वेगळं सांगायला पायजे. पूर्व विदर्भाच्या महसुली कागदांत मध्यप्रांताच्या काळापासून ही नोंद आहे. झाडं आहेत, झुडपं आहेत, मधेमधे गवत, गावची ढोरं चरतात, असलं रान. खरं तर आपल्या चराईचं नावच ते. 1980 चा वनसंवर्धन कायदा आला आणि 12 डिसेंबर 1996 ला सर्वोच्च न्यायालयानं सरकारी दप्तरात जंगल म्हणून नोंद असलेली जमीनही जंगलात धरली, तेव्हापासून या जमिनीचा गुंता झाला. काही गावांत लोक म्हणतात, हे महसूलचं आहे, इथं वनहक्काचा दावा बसत नाही. हे बरोबर नाही. वनहक्क कायद्यातली 'वनजमीन' ची व्याख्या मोठी आहे. राखीव, संरक्षित, वर्गीकरण न झालेली, सीमा न आखलेली, मानीव जंगलं, अभयारण्यंसुद्धा त्यात येतात. जी जमीन जंगल म्हणून अडवता, ती जंगल म्हणून हक्कालाही आली पायजे. तलाठ्याकडून सातबारा काढा, झुडपी जंगलाची नोंद असेल तर तो गट नंबर दाव्यात घाला. निस्तारपत्रकाची नक्कलही मागा. जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 161 आणि 162 प्रमाणे गावच्या गुरांच्या चराईच्या अटी निस्तारपत्रकात असायला पायजेत.

पुराव्याबद्दल लोक घाबरतात, "आमच्याकडे कागद कुठला?" कागद आहे, तुमच्या घरच्या तुळईला खोचलेला आहे. कोंडवाड्याची जुनी पावती, चराईच्या फीची पावती, पी.ओ.आर. ची नक्कल, कोर्टात भरलेला दंड. ज्या कागदानं तुम्हाला गुन्हेगार ठरवलं तोच कागद सांगतो की त्या साली, त्या रानात, तुमची ढोरं चरत होती. नियम 13 प्रमाणे सरकारी नोंदी आणि कोर्टाचे कागद पुरावा म्हणून चालतात. पारंपरिक चराईची जागा, चाऱ्याच्या जागा, जनावरांच्या पाण्याच्या जागा, देवाची झाडं, मसणवट, ह्या सगळ्यांचा उल्लेख त्याच नियमात आहे. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं लिहून घेतलं तर तोही पुरावा. एकापेक्षा जास्त पुरावे जोडायचे असतात, एकावर भागत नाही. उपग्रहाच्या नकाशात दिसत नाही म्हणून दावा फेटाळला असं कोणी सांगेल तर त्याला 2012 च्या सुधारित नियमांची आठवण द्या. असा नकाशा इतर पुराव्याला जोड म्हणून येतो, त्याच्या जागी येत नाही.

आता गावाच्या स्वतःच्या नियमांविषयी. हक्क मागताना रान राखायची जबाबदारीही कलम 5 नं ग्रामसभेवर टाकली आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्याच्या कितीतरी आधीपासून ते गाव एकत्र बसून आपल्या रानाचे नियम करत होतं, हे विसरू नये. आपल्या गावांत जे नियम पूर्वी होते ते बरेचसे बोलीत होते. आता ते वहीत लिहायची वेळ आली आहे.

आम्हाला जे सुचतं ते असं. पावसाळ्यात बांबूचे वास्ते फुटतात तेव्हा बांबूच्या भागात गोहन न्यायचं नाही, वास्ते खाल्ले तर पुढच्या वर्षी बांबू नाही. मोह पडतो त्या दिवसांत सकाळी फुलं वेचून होईपर्यंत डुकरं कोंडून ठेवायची, नाहीतर बाया पहाटे जाऊन टोपलं रिकामं घेऊन येतात आणि डुकरं पोट भरून. धान उभा असताना डुक्कर मोकळं सोडायचं नाही, धुरे उकरतात. लाखोळी, जवस टाकलेल्या बांध्या असतील तर कापणीनंतर ढोरं मोकाट सोडायची तारीख गावानं मिळून ठरवायची. रानाचे तीन तुकडे धरून एक तुकडा पावसाळाभर आराम करू द्यायचा, हे काही गावांत जमतं, जिथं रानच थोडं तिथं जमत नाही. सगळ्या गावांनी एकच साचा उचलू नये. मोहासाठी आणि तेंदूसाठी जमीन जाळणं मात्र कुठंही बरं नाही, गवत आणि रोपटी दोन्ही जळतात, आणि उन्हाळ्यात ढोर उपाशी मरतं.

वाद होईल तो ढोरांच्या संख्येवर. आमचं म्हणणं, पहिल्या काही जनावरांवर गावानं काही घेऊ नये. त्यावर ज्याची जास्त असतील त्यानं दर डोई गावनिधीत पैसे किंवा धान द्यावं. किती जनावरांपासून पुढे, ते गावानं ठरवावं. ज्याच्याकडे ढोरं जास्त, त्याचाच आवाज सभेत मोठा असतो, हे माहीत असूनही लिहितो आहोत. आणि ग्रामसभेत निम्मे सभासद हजर पायजेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पायजेत, हा 2012 चा नियम आहे. त्या बायांनी यावर बोलावं.

मेंढपाळ येतात त्यांचंही बघा. कुरमार असोत की लांबून येणारे रबारी, त्यांच्या मेंढ्या गावात आल्या की आपले काही लोक गार्डसारखे काठी घेऊन धावतात. कायद्यानं हिंडून चारणाऱ्यांचाही हक्क मानला आहे. ते किती दिवस राहणार, कोणत्या वाटेनं जाणार, कोणाच्या बांधीत मेंढ्या बसवणार, त्याचं खत कोणाला, हे बसून ठरवा. आपल्याला जो त्रास झाला तो त्यांना द्यायचा नाही.

रोगराईचं दोन शब्द, कारण डुक्कर पाळायचं तर हे टाळता येत नाही. पाऊस लागायच्या आधी ढोरांना घटसर्प आणि फऱ्याची लस टोचून घ्या. लाळ-खुरकूत डुकरांनाही होते, ती लस मागताना फक्त बैलांचं नाव सांगू नका. एका घरची डुकरं ताप येऊन पटापट मरायला लागली तर उरलेली बाजारात नेऊ नका, मेलेली नाल्यात टाकू नका, खोल पुरा आणि जनावरांच्या डॉक्टरला कळवा. स्वाइन फीवर असेल तर आठवडी बाजारातून दहा गावांत जातो, रानडुकरांतही जातो. दुसरं, डुक्कर माणसाची घाण खातं आणि त्यातून चपट्या जंताचं चक्र सुरू होतं. मटणात तांदळासारखे पांढरे दाणे दिसले तर ते मटण खाऊ नये. चांगलं दिसलं तरी पूर्ण शिजवूनच खावं, अर्धंकच्चं भाजून नको. याच जंताची अंडी माणसाच्या पोटात गेली तर डोक्यात गाठ होऊन झटके येतात, लोक त्याला बाहेरचं समजून पुजाऱ्याकडे नेतात. उघड्यावर जाणं बंद आणि हात धुणं, एवढ्यानं बरंच टळतं. डुक्कर सोडून द्या असा सल्ला देणारे बरेच येतात, त्यांना हे सांगा.

चराईच्या दाव्यासाठी ग्रामसभेत काय काय घेऊन बसायचं, ते असं. गायक्याला पुढे बसवा, रान त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. ढोरं कोणत्या महिन्यात कुठं जातात, दुपारी कोणत्या झाडाखाली बसतात, कोणत्या डोहावर, कोणत्या बोडीवर पाणी पितात, नाल्याचं, डोंगराचं, त्या जागेचं गावातलं नाव काय, हे त्याच्याकडून लिहून घ्या. शेजारच्या गावची हद्द कुठं लागते तिथं त्या गावच्या लोकांना बोलवा. घरटी बैल, गाय, म्हैस, बकरी, डुक्कर असा तक्ता करा, कोंबड्या नकोत. दावा नमुना 'ब' वर करा, गावाच्या साऱ्या रानाचा दावा असेल तर नमुना 'क' वेगळा. वनहक्क समितीनं प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी करायची आहे, तेव्हा वनखात्याला आणि महसूलला लेखी कळवा. ते आले नाहीत तर आले नाहीत असा शेरा मारा आणि पाहणी पुरी करा. उपविभागीय समितीकडे कागद देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. फेटाळला तर कारणासकट लेखी मागा. ग्रामसभेच्या निर्णयावर उपविभागीय समितीकडे, आणि तिच्या निर्णयावर जिल्हास्तरीय समितीकडे, 60 दिवसांत अर्ज करता येतो.

दावा मंजूर होईपर्यंत कोणी ढोर किंवा डुक्कर पकडून नेलं आणि पैसे मागितले, तर आधी पावती मागा आणि पावतीवर कलम लिहायला सांगा. पावती मिळाली तर तिची झेरॉक्स काढून दाव्याच्या फाइलीला जोडा, आणि एक प्रत आमच्याकडे पाठवा.